किसुमूच्या बियांचा तंबोरा

नीलांबरीबाई निसळ सतरा वर्षं आफ्रिकेत काढून १९४६ साली तिसगावला परत आल्या, तेव्हा त्यांना बघायला निम्मं गाव लोटलं. सिंह दारात येतात का, एवढंच ज्याला त्याला विचारायचं होतं. बाईंनी सांगितलं, सिंह काही दिसला नाही, पाणघोडे मात्र रोज संध्याकाळी काठाशी येऊन जांभया देत. पाणघोडा म्हणजे काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे लोकांची निराशा झाली. एवढं साता समुद्रापलीकडं जाऊन बाईनं साधा सिंह बघू नये, म्हणजे कमालच म्हणायची. बाई तिकडं खरोखर काय करत होत्या, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

बाई तिकडं गात होत्या.

त्यांचे यजमान नृसिंहराव किसुमूच्या रेल्वे गोदामात कारकून होते. किसुमू म्हणजे आगगाडीचं शेवटचं स्टेशन. तिथं रूळ संपत आणि तळं सुरू होई, आणि ते तळं असं की पलीकडचा काठ म्हणून दिसतच नसे. मराठी बोलणारं घर यांचं एकटंच. पत्र्याच्या छपराचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड, मूलबाळ नाही, नवरा सकाळी गेला की दिवेलागणीला घरी. पहिलं वर्ष बाईंनी रडून काढलं. मग एके दिवशी तंबोऱ्याची गवसणी काढली.

गाणं बाई नगरला माहेरी शिकल्या होत्या. वडिलांनी शिकवणी खरं तर भावाला लावली होती. भावाच्या गळ्यात काही उतरलं नाही. आतल्या खोलीत भाजी निवडत बसलेल्या बहिणीच्या गळ्यात सगळं उतरलं. लग्नानंतर आफ्रिकेला निघताना नृसिंहरावांनी सामानात सगळ्यात आधी बायकोचा तंबोरा बांधला होता. स्वतःला सा की रे कळत नसताना त्यांनी तो बांधला. याचं श्रेय त्यांना आत्ताच देऊन टाकलेलं बरं, कारण पुढं त्यांना बोल लावायची वेळ येणार आहे.

किसुमूला शनिवारी संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बैठक जमे. रेल्वेतले एक सरदारजी तबला घेऊन येत, तारमास्तर गोवेकर व्हायोलिन आणत. तळ्यावर दूर कुठंतरी वीज लकाकत असे, तिचा आवाजसुद्धा इथवर पोचत नसे. बाई डोळे मिटून यमन गात, आणि मिटल्या डोळ्यांपुढं तिसगावचं माळरान, बाजारतळ, कडुनिंबाखालच्या शेळ्या असं सगळं हळूहळू उभं राही. गाणं संपलं की सरदारजी म्हणत, बहनजी, एक और. तिथं त्यांना कुणाची सून म्हणून कुणी ओळखत नव्हतं. त्या गाणाऱ्या बाई होत्या. एवढं सुख चाललेलं असताना बाईंना मात्र एकच ध्यास होता. एकदा आपल्या मुलखात, आपल्या घरात, आपल्या माणसांसमोर असं मोकळं गायचं.

परत येताना मुंबईच्या धक्क्यावर हमालाच्या हातून पेटी निसटली. उघडून बघतात तो तंबोऱ्याची दांडी शाबूत, खुंट्या शाबूत, भोपळ्याचे मात्र तुकडे. तिसगावला आल्यावर थोरले दीर काकासाहेब यांनी ते तुकडे पाहिले. काकासाहेब जुने शाळामास्तर. अर्धं गाव त्यांच्या छडीखालून गेलेलं. माणूस वाईट नव्हता, पण घरातल्या बाईचा गाता आवाज रस्त्यावर जावा हे त्यांच्या कल्पनेतच बसत नव्हतं. भावजयीशी ते थेट बोलत नसत, जे असेल ते भावामार्फत. बरं झालं, परस्पर मिटलं, असं ते भावाजवळ म्हणाले. नृसिंहरावांनी ते बायकोला येऊन सांगितलं आणि खाली मान घालून म्हणाले, "दादांचं म्हणणं, तिकडचं तिकडं. इथं आपलं घर चार माणसांत आहे. मी त्यांना हो म्हणालोय."

सतरा वर्षं शनिवारी बायकोचं गाणं ऐकलेला माणूस एका वाक्यात हो म्हणून आला, याचं बाईंना फार लागलं. त्या भांडल्या नाहीत. ट्रंकेच्या तळातून त्यांनी एक फडक्याची पुरचुंडी काढली.

किसुमूच्या बाजारात भोपळे विकणाऱ्या बायका बसत. तिकडं भोपळ्याला किबुयू म्हणतात. वाळवून त्यात दूध ठेवतात, पाणी ठेवतात. बाईंना खोड अशी, की मोठा भोपळा दिसला की बोटानं वाजवायचा आणि कान लावून ऐकायचं. त्या बायका पोट धरून हसत. बाई कायमच्या परत निघाल्या हे कळल्यावर त्यांतल्या एका म्हातारीनं सगळ्यात मोठ्या जातीच्या बिया मूठभर त्यांच्या ओंजळीत घातल्या होत्या. तेव्हा तंबोरा धड होता आणि त्या बियांचं काय करायचं हे बाईंना माहीत नव्हतं. आता माहीत झालं.

गावाबाहेर निसळांचं रान होतं. राधाकृष्ण आणि त्याची बायको बनुबाई ते वाट्यानं कसत आणि तिथंच वस्तीवर राहत. आषाढात बाईंनी बनुबाईच्या छपराशेजारी बिया लावल्या. श्रावणात वेल छपरावर चढला, भाद्रपदात पांढऱ्या फुलांनी भरला. फुलं संध्याकाळी उमलायची. बाई ऊन उतरलं की वस्तीवर जात आणि वेलाखाली नुसत्या बसून राहत. किसुमूत असताना डोळ्यांपुढं तिसगाव यायचं. आता तिसगावच्या मातीत बसल्यावर त्यांना तळ्याचं पाणी दिसे, पत्र्यावर वाजणारा वारा ऐकू येई, कुणीतरी 'एक और' म्हणे. आपण नक्की कुठं आहोत याचा त्यांना घटकाभर विसर पडायचा आणि तो पडलेला बरा वाटायचा. मग बनुबाई शेळी बांधायला यायची आणि बाई उठून घरी जायच्या.

एवढा थोरला वेल माजलाय आणि भाजीला एक फळ तोडायचं नाही, हे बनुबाईला काही पटेना. एक कोवळा भोपळा तिनं गुपचूप शिजवला. राधाकृष्ण टमरेल घेऊन दोन दिवस बांधापलीकडून हलला नाही. तिसऱ्या दिवशी बनुबाई स्वतःच कबूल झाली. "वैनीबाई, ह्यो तुमचा आफ्रिकेचा भोपळा लई कडू हाय. तिकडची मानसं जगत्यात तरी कशी?" त्यानंतर ती वेलाची अशी राखण करू लागली, की जणू विषच सांभाळतेय. राधाकृष्णानं मात्र वाळल्यावर एक भोपळा पोरांना विहिरीत पोहायला शिकवण्यासाठी पाठीला बांधायला मागून घेतला, आणि बाईंनी तो आनंदानं दिला.

सगळ्यात थोरला भोपळा वेलावरच वाळला. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. हलवला की आत बिया वाजू लागल्या. गावातल्या गोरक्ष सुतारानं जन्मात बैलगाड्या आणि कुळव सोडून काही केलं नव्हतं. त्याला बाईंनी जुने तुकडे दाखवले, कुठं कापायचं ते खडूनं आखून दिलं. भोपळा पाण्यात भिजवून आतून खरवडला, पुन्हा सावलीत वाळवला, जुनी दांडी सरसानं बसवली. तारा नगरहून नृसिंहरावांनी आणल्या. न सांगता आणल्या आणि न बोलता कोनाड्यात ठेवल्या. माणूस भित्रा असला तरी दगड नव्हता.

तंबोरा लागला तेव्हा काकासाहेबांना अडचण आली. वस्तू चांगली, देवाजवळ शोभणारी, घरच्या रानात पिकलेली. ती फोडा असं कसं म्हणायचं? शेवटी भावाकरवी निरोप आला, तिन्हीसांजेला मी स्तोत्र म्हणतो तेव्हा मागं बसून तिनं तारा छेडाव्यात, त्याला हरकत नाही.

म्हणजे तंबोरा चालेल, गळा नको. बाई बसू लागल्या. रोज संध्याकाळी ओसरीवर काकासाहेब पोथी उघडून स्तोत्र म्हणत, त्यांचा आवाज कुठल्याही दोन सुरांच्या मधल्या बोळातून चालायचा, आणि मागं भिंतीशी बसून बाई तारा छेडत. तंबोरा त्यांनी काकासाहेबांच्या आवाजाला कधीच लावला नाही. स्वतःच्या सुरात लावला. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्या घुमणाऱ्या सुरात बसून त्या मनातल्या मनात सगळा यमन गात, एकही सूर न गाळता, आणि ओठ मात्र मिटलेले. दिवस जात होते. आपला गळा आतल्या आत वाळत चाललाय, अशी भीती त्यांना वाटू लागली होती आणि ती कुणाला सांगता येत नव्हती.

देश स्वतंत्र झाला त्या सालच्या दिवाळीआधीची गोष्ट. बनुबाई वस्तीवरून शेंगांची पाटी घेऊन आली. ओसरीवर स्तोत्र चालू होतं. ती पायरीशी टेकली. आपल्या छपरावर वाढलेला भोपळा असा बोलतोय, हे तिनं पहिल्यांदाच ऐकलं. ती गालाला हात लावून ऐकत राहिली. काकासाहेबांचं स्तोत्र संपलं. बाई सवयीनं आणखी थोडा वेळ तारा छेडत होत्या. बनुबाईनं वाट पाहिली, पाहिली, आणि शेवटी अगदी सरळ मनानं विचारलं.

"वैनीबाई, मघापासनं तारा लावून ऱ्हायल्यात. लई ग्वाड वाजतंय. पन गानं कवा सुरू व्हायचं?"

काकासाहेबांनी पोथीत मान घातली, कारण गायचं नाही असं त्यांनी आजवर सरळ शब्दांत कुणापाशीच म्हटलं नव्हतं. नृसिंहराव जमिनीकडं बघत होते. बनुबाई मात्र बाईंच्या तोंडाकडं बघत होती, बी पेरलं की उगवणारच या खात्रीनं.

बाईंनी गायला सुरुवात केली.

पहिला सूर थरथरला, दुसरा नीट लागला. आवाज ओसरीवरून अंगणात गेला, अंगणातून रस्त्यावर गेला. काकासाहेबांनी पोथी बांधली, उपरणं खांद्यावर टाकलं आणि ते उभे राहिले. थोरला भाऊ उभा राहिला की धाकट्यानं बसून राहायचं नाही, ही त्या घरची रीत. नृसिंहरावांनी पन्नाशी उलटेपर्यंत ती एकदाही मोडली नव्हती. आताही त्यांचा हात जमिनीला टेकला, ते अर्धे उठले. बाईंनी ते पाहिलं. हा माणूस उठून गेला तर आपला आवाज पुढं जाणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

काकासाहेब पायात वहाणा सरकवून दिंडीदरवाज्यापर्यंत गेले आणि भावासाठी थांबले. पाठीमागून पावलं आली नाहीत, तेव्हा त्यांनी वळून पाहिलं. नृसिंहराव पुन्हा खाली बसले होते. त्यांनी मांडी घातली होती, डोळे मिटून घेतले होते आणि त्यांचा हात मांडीवर ताल धरत होता.