शिंपीणबाईंच्या पुढ्यातली पाटी

शिंपीणबाई तीस वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर या शहरात आल्या. अर्ध्या शहराचे शाळेचे गणवेश त्यांच्याच मशीनवर शिवले गेले. सार्वजनिक वाचनालयाने 'माणसं समजून घेऊ या' असा कार्यक्रम ठेवला, तेव्हा ग्रंथपालताईंनी त्यांना आग्रहाने बोलावलं. एकेका टेबलाशी एकेक पाहुणा बसणार आणि आलेल्या लोकांनी समोर बसून त्याला त्याच्या आयुष्याबद्दल विचारायचं, असा तो कार्यक्रम होता. बाई दुकान बंद ठेवून गेल्या. त्यांच्या टेबलावर पाटी होती : 'बाहेरून आलेल्या'.

समोर येऊन बसलेल्या निवृत्त मास्तरांनी पहिलाच प्रश्न टाकला, "मग परत कधी जाणार?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मास्तर, तुमच्या दोन्ही मुलींचे गणवेश मी शिवले. तेव्हा नाही विचारलंत ते!"

"अहो, इथे संवादच तर करायचाय," ताई मध्ये पडल्या.

"याला संवाद म्हणतात? ही तर उलटतपासणी झाली! आणि ही पाटी कुणी लिहिली?"

ताईंनी मान खाली घातली. बाईंनी पाटी उलटी करून तिच्यावर ठळक अक्षरांत 'शिंपीण' लिहिलं.

मास्तर पुटपुटत उठून गेले. बाई मात्र हलल्या नाहीत. त्यानंतर चौघं जण त्यांच्यासमोर येऊन बसले. राग उतरला नव्हताच, पण प्रत्येकाला बाईंनी आधी दरडावून विचारलं, "तुम्ही काय काम करता, ते सांगा. मग माझं विचारा."