बेरिंगसरांची फरशी

आमच्या कॉलनीच्या कमिटीनं बेरिंगसरांना फसवलं. शाल घालून, नारळ देऊन फसवलं. त्याच आठवड्यात तिनं मलाही फसवलं. पंचवीस वर्षं धंदा करतोय, समोरचा खुर्चीत कसा बसतो यावरून तो किती कमी करायला सांगणार ते ओळखतो. म्हणून मला ते जास्त लागलं. पण आधी सर कसे होते ते सांगतो.

सर डोळे मिटून शिकवायचे. कॉलनीच्या मोकळ्या जागेत कडुनिंबाखाली एक प्लास्टिकची खुर्ची, तिच्यावर सर, दोन्ही हात मांडीवर आणि डोळे बंद. नव्या माणसाला वाटायचं, म्हातारा झोपला. समोर सिमेंटच्या गुळगुळीत फरशीवर आम्ही चाकांचे बूट बांधून गोल फिरत असायचो. मध्येच सर डोळे न उघडता म्हणायचे, "शेठ, डावा खोटं बोलतोय."

शेठ म्हणजे मी. मी खाली बघायचो. डावा पाय खरंच जमिनीवर नुसता टेकवलेला असायचा, वजन सगळं उजव्यावर.

वाळूजच्या एका कारखान्यात सरांनी उभी नोकरी बेरिंग तपासण्यात घालवली होती. बेरिंग बोटावर फिरवायचं, कानाशी धरायचं आणि डाव्या किंवा उजव्या पेटीत टाकायचं. पुढं तपासणीची यंत्रं आली, तरी शंका आली की यंत्रावरचा माणूस उठून सरांकडं यायचा म्हणे. बेरिंगसर हे नाव तिथलंच. ते म्हणायचे, "बेरिंगला खोटं बोलता येत नाय, शेठ. माणसाला येतं. पण पायात बेरिंग बांधलं की माणसालाबी येत नाय."

फरशी त्यांनीच केलेली. कॉलनीचे जुने अध्यक्ष त्यांच्या कारखान्यातले. त्यांनी जागा दाखवली आणि सरांनी गवंड्याच्या शेजारी गुडघ्यावर बसून स्वतःच्या हातानं घोटाई केली. पावसाचं पाणी निघून जावं म्हणून कडुनिंबाच्या बाजूला बोटभर उतार ठेवला. तो डोळ्यांना दिसत नसे, पायाला चाकं लावली की कळे. लहानपणी लेणीच्या टेकडीखाली फळीला तीन बेरिंगं ठोकून केलेल्या गाडीवर ते उतार उतरायचे. "तवा पोटावर झोपून घसरायचो. उभं राहून घसरावं, एवढी एकच हौस राहिली व्हती," असं एकदा म्हणाले. रिटायर झाल्यावर ती हौस त्यांनी आमच्या कॉलनीत आणली. रोज सकाळी बजाजनगरहून स्कूटरवर सगळं शहर ओलांडून यायचे.

मी त्यांच्याकडं गेलो तेव्हा बावन्न वर्षांचा होतो. डॉक्टरांनी शुगर सांगितली होती, म्हणून चालायला लागलो होतो. चालण्यात मला काडीचा रस नव्हता. पण या फरशीशी आलो की पाय थांबायचे. दहाव्या वर्षी मी वीटभट्टीवर डोक्यावरून विटा वाहत होतो. जे खेळायचे त्यांच्याकडं बघायलाही तेव्हा वेळ नव्हता. आता वेळ होता आणि लाज वाटत होती. एक दिवस लाज गिळून विचारलं, "सर, महिन्याचे किती?"

"चाळिशीच्या पुढच्यांना फुकट."

"का?"

"ते शिकत नाय, वाद घालतेत. वादाचे पैसे कसे घ्यायचे?"

जे फुकट मिळतं त्यात काहीतरी खोट असते, हा माझा अनुभव. मी म्हटलं, मग मला नको. सरांनी पहिल्यांदा डोळे उघडले. खुर्चीमागं टेकवलेला खराटा दाखवला. "मग हे घ्या. रोज फरशी झाडायची. एक खडा राहिला तर जो पडंल त्याची माफी तुम्ही मागायची." त्यावरही मी घासाघीस केली आणि रविवार सोडवून घेतला. माझ्या कारखान्यात अठरा माणसं आहेत. त्यातल्या कुणी मला त्या दिवाळीपासून होळीपर्यंत खराटा मारताना पाहिलं असतं तर काय, हा विचार रोज येई आणि रोज मी झाडत असे. हंगाम तेवढाच, कारण पुढं उन्हानं फरशी तव्यासारखी तापते.

पहिले पंधरा दिवस सरांनी मला फक्त पडायला लावलं. गुडघे वाकवा, कुशीवर जा, हात आत घ्या, उठा. पुन्हा. सोळाव्या दिवशी मी भडकलो. "सर, मी पडायला आलो नाही. डायरेक्ट चालवायचं दाखवा. पडायचं मी माझं बघून घेतो."

"शेठ, दुकानात घासाघीस करा. जमीन घासाघीस करत नाय."

मी त्यांचं न ऐकता दोन पावलं टाकली आणि कंपाउंडच्या भिंतीवर जाऊन आदळलो. तिथं शकीलभाई बूट बांधत बसले होते. ते पुंडलिकनगरात शिलाईचं दुकान चालवतात, माझ्याहून वर्षभर आधी आलेले. ते म्हणाले, "हल्लू शेठ, हल्लू! दीवार कॉलनी की है, आप की नहीं." मी पायातला बूट काढून फेकला. सर बूट पडल्याच्या आवाजाकडं कान लावून म्हणाले, "चाक शाबूत आहे. बांधा."

माझ्या रागाचं मोल त्यांनी तेवढंच केलं. पण एकदा जवळ बोलावून सांगितलं, "राग आला की तुमचं वजन टाचंवर जातं. टाचंवर माणूस मागं पडतो. शिव्या द्यायच्या तर द्या, पण चवड्यावर राहून द्या." आजही कारखान्यात डोकं फिरलं की मी आधी बुटातली बोटं दाबतो. निम्म्या शिव्या तिथंच राहतात.

मार्गशीर्षात मी सरळ जायला लागलो, पौषात वळायला. संक्रांतीच्या सुमारास थांबता यायला लागलं, आणि थांबता येतं म्हटल्यावर भीती गेली. कडुनिंबाकडच्या उतारावर चाकं आपोआप पुढं ओढायची. बावन्न वर्षांत कुणी न ढकलता मी पुढं गेलो, तो तेवढाच रस्ता. पलीकडच्या चढावर मात्र डावा पाय उघडा पडायचा. उजव्या पायाचा आवाज लांब यायचा, डाव्याचा तुटका. सर म्हणायचे, "उजवा बोलतोय. डावा नुसता हो ला हो करतोय."

सरांची परीक्षा एकच. एक पूर्ण फेरी मारायची आणि ती त्यांनी डोळे मिटून ऐकायची. आवाजात कुठं खोट नसली तर फेरी संपताना ते उजवा हात वर करायचे. बोलायचे काही नाहीत. शकीलभाईंसाठी हात वर झाला त्या दिवशी त्या माणसानं सगळ्यांना इम्रती खिलवली आणि शुगरमुळं मला दिली नाही. मला तो हात पाहिजे होता. मला माल, जागा, नाव सगळं भाव करून मिळालं होतं. हा हात भाव करून मिळणार नव्हता.

होळीच्या आधल्या दिवशी मी शेवटची फेरी मारली. सरांनी बराच वेळ ऐकलं. हात मांडीवरून थोडा उचलला आणि परत ठेवला. "डाव्याचं चार आणे राहिलं, शेठ. दिवाळीला या. चार दिवसांचं काम."

धुळवड झाल्यावरच्या रविवारी नव्या कमिटीनं सरांचा सत्कार ठेवला. आपल्याकडं माणसाला घालवायचं असलं की सत्कार करतात, हे मला कळायला हवं होतं. नव्या अध्यक्षांनी शाल घातली, नारळ दिला, माइकवर म्हणाले, "सर, ही जागा तुमचीच आहे. दिवाळीला आम्ही वाट बघतो." सरांना भाषण येत नव्हतं. ते म्हणाले, "फरशीला उन्हाळ्यात पाणी मारीत जा," आणि बसले.

त्याच आठवड्यात हेच अध्यक्ष माझ्या कारखान्यात आले. माझा धंदा पेव्हर ब्लॉकचा. वॉकिंग ट्रॅक करायचाय म्हणाले. कागदावर तसंच लिहिलं. माप बघून मला खटकलं होतं. कडेनं चालायच्या पट्टीला एवढा माल लागत नाही. पण गिऱ्हाईक जास्त घेत असेल तर विचारायचं नाही, हा माझा पहिल्यापासूनचा नियम. मी विचारलं नाही.

वैशाखात मी मुलीच्या बाळंतपणासाठी बायकोसोबत हैदराबादला होतो. परत आलो तर फरशी नव्हती. कंपाउंडपासून कंपाउंडपर्यंत माझे ब्लॉक, आणि त्यांच्यावर गाड्या उभ्या. मी अध्यक्षांच्या दारात उभा राहून ओरडलो. ते शांतपणे म्हणाले, "शेठ, माल तर तुमचाच आहे." मी म्हटलं, माझ्या खर्चानं उखडतो. ते म्हणाले, खाली फरशीवर छिन्नीनं टाचे मारून ती खडबडीत केलीय, आता काय उरलंय. टाचे मारल्याशिवाय ब्लॉक धरत नाहीत, हे त्यांना माझ्याच माणसांनी सांगितलं होतं.

सरांना कमिटीनं कळवलं नाही. मीही फोन केला नाही. तीनदा हातात घेतला आणि ठेवला.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सर आले. स्कूटर लावली, खुर्ची शोधली, ती सापडली नाही. दोन गाड्यांच्या मधे उभे राहिले. मला बघून म्हणाले, "बूट आणलेत का?"

"सर, हे बघा ना काय केलंय..."

"बघितलं. बांधा."

मी घरून बूट आणून बांधले. सरांनी डोळे मिटले. मी चार पावलं टाकली. प्रत्येक फटीत चाक अडकत होतं, खडखड आवाज होत होता, गाडीच्या बोनेटला धरून मी कसाबसा उभा राहिलो.

"बास," सर म्हणाले. "आता दोन्ही पाय खोटं बोलायलेत. पायाचा दोष नाय."

मग ते खाली वाकले. सवयीनं एका ब्लॉकवर बोटाचं पेर वाजवलं, कान लावला. "पक्का आहे. कुणाकडचा?"

"माझ्याकडचा, सर."

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं, रागानं नाही. तपासून पेटीत टाकायच्या आधी बेरिंगकडं बघत असतील तसं. "मग टिकंल," म्हणाले. स्कूटरला किक मारून गेले. ते परत आले नाहीत. मी बजाजनगरला दोनदा गेलो. त्यांनी चहा पाजला, नातवंडांचं विचारलं, फरशीचं नाव काढलं नाही. दुसऱ्या खेपेला मीच काढलं. खराटा अजून माझ्या जिन्याखाली आहे.

येत्या सर्वसाधारण सभेत मी उभा राहणार आहे, चवड्यावर. अध्यक्ष महाराज, ज्या तोंडानं माइकवर "दिवाळीला वाट बघतो" म्हणालात, त्याच तोंडानं आठवड्याच्या आत माझ्याकडं माप घेऊन आलात. शाल घालताना तुम्हाला ठाऊक होतं की नाही? याचं उत्तर मला नको. बजाजनगरला जा, सरांसमोर बसा आणि त्यांना द्या. ते डोळे मिटून ऐकतील. माझं उत्तर मी त्यांना देऊन आलोय: माप जास्त होतं, आणि मी विचारलं नाही. आता तुमचं द्या.