नवमीला उचललेला क्यू

आयुधपूजेला मांडलेली वस्तू दशमीची उत्तरपूजा होईपर्यंत उचलायची नाही, हा आमच्या बनशंकरी भागातल्या घरचा नेम. आयुष्यभर मी तो पाळला. नवमीला पूजेनंतर पोथीचे पानही कधी उलटले नाही. यंदा पोथ्यांशेजारी सुनेचा स्नूकरचा क्यू होता. ज्या काठीने ती चेंडू मारते, तिच्या मुठीला मी स्वतः गंध आणि कुंकू लावले.

त्या आठवड्यात शहरात व्यावसायिक खेळाडूंची निमंत्रितांची स्पर्धा चालू होती. सुनेचे नाव राखीव यादीत असल्याने नवमीला क्यू लागेल, असे कुणालाच वाटले नव्हते. नैवेद्य झाला आणि फोन आला. एक खेळाडू तापाने आजारी पडला होता. तिने चार वाजता इंदिरानगरच्या क्लबात खेळायला यावे. या बोलावण्याची ती कित्येक वर्षे वाट पाहत होती.

ती देवघराच्या उंबऱ्याशी आली, पण आत पाऊल टाकले नाही.

"मामंजी, क्लबातला एखादा क्यू घेते. चालेल."

"खरेच चालेल?"

"नाही," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या चष्म्याने वाचल्यासारखं होईल. पण तुमचा नेम आहे."

शास्त्रात काही आधार सापडतो का, हे मी मनात धुंडाळू लागलो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून पत्नी म्हणाली, "अहो, सकाळी विळीलाही कुंकू लावलंत. मग नैवेद्याचा दुधी मी कशाने चिरला? दातांनी?"

पोथीला विसावा देऊन मी विद्येचा मान राखत आलो होतो. विळीला मात्र विसावा असावा, हे कधी माझ्या मनातही आले नव्हते. नेमाला अपवाद दरवर्षी घडत होता. स्वयंपाकघरात घडत असल्यामुळे तो मला दिसला नव्हता, एवढेच. मी देवीची क्षमा मागितली, अक्षता वाहिल्या आणि क्यू उचलून सुनेच्या हाती दिला.

क्लबातली शांतता मला संध्यावंदनाच्या वेळेसारखी वाटली. प्रतिस्पर्धी खेळत असताना ती क्यू उभा धरून निश्चल बसे. मुठीवरचे कुंकू तिने पुसले नव्हते. शेवटच्या फ्रेममध्ये, म्हणजे निर्णायक डावात, केवळ काळा चेंडू उरला; तो आत घालील तो जिंकणार होता. तिने मारल्यावर तो पॉकेटच्या तोंडाशी येऊन थांबला आणि समोरच्याने तो अलगद आत घातला. तिने उठून हात मिळवला.

घरी आल्यावर हातपाय धुऊन तिने क्यू पुन्हा पाटावर ठेवला.

"आता दशमीपर्यंत हलवत नाही, मामंजी."

मी आत जाऊन विळी आणली आणि क्यूशेजारी ठेवली.

"मग उद्या सकाळची भाजी?" पत्नीने विचारले.

"घेवडा आहे ना. तो हाताने मोडता येतो. मी मोडीन."

"शिरा काढता येतात का तुम्हाला?"

"नाही," मी म्हणालो. "शिकव."