सरळ रेघेचं वऱ्हाड

माझ्या लग्नाचा मुहूर्त दुपारी बाराच्या सुमाराला होता. त्या वेळी मी अंगाला हळद, कपाळाला मुंडावळ्या आणि हातात कट्यार अशा थाटात भलत्याच गावात उभा राहून सत्काराला उत्तर देत होतो.

हे कसं झालं ते नीट सांगायला हवं. आमच्या नातेवाइकांत त्याच्या निदान सहा तऱ्हा फिरत आहेत आणि सगळ्यांत गाढव मीच आहे. (ही सातवी. हिच्यातही फारसा फरक नाही.)

निजामाचं राज्य जाऊन आठ-दहा वर्षं झाली होती. मी येडशीच्या शाळेत भूगोल शिकवत होतो. लग्न ठरलं ते पार उमरग्याच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही, कारण आमची मंडळी हे वाचणार आहेत. येडशीहून अंतर तीसेक कोस. बैलगाड्यांनी जायचं तर वाटेत दोन-तीन मुक्काम पडणार. म्हणून अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गावातल्या बाशूमामूंचा ट्रक सांगितला.

हा ट्रक लढाईतला. लढाई संपल्यावर मामूंनी तो हैदराबादच्या लिलावात घेतला होता. त्याला दार एकच, तेही सुतळीनं बांधलेलं. सुरू करायला दोघांनी पुढून हँडल मारायचं, आणि दर दोन कोसांना त्याला घागरभर पाणी पाजायचं. मामू मात्र गाडीला कोणी नावं ठेवली की दिवसभर बोलत नसत. सोबतीला दाजींची मोटारसायकल होती. दाजी माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, धाराशिवच्या कचेरीत नोकरीला. मोटारसायकल पुढं, ट्रक मागं, असा बेत ठरला.

खरं तर ह्यात मी डोकं घालायचं काही कारण नव्हतं. तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा अशी सडक होती आणि मामू त्याच सडकेनं जाणार होते. पण मी जिल्ह्याचा नकाशा आणला, जमिनीवर पसरला, पट्टीचं एक टोक येडशीवर ठेवलं, दुसरं सासुरवाडीवर, आणि तांबड्या पेन्सिलीनं रेघ ओढली. सडक केवढा वळसा घेत होती! माझी रेघ सरळ. बेंबळीपर्यंत गाडीवाट, तिथून पुढं आठ-नऊ कोस नुसतं रान. वैशाखात पिकं निघालेली, ओढे कोरडे. भूगोलाच्या माणसाला अजून काय पाहिजे?

मामू नकाशाकडं बराच वेळ बघत राहिले.

"मास्तर, ह्यात दगडं कुठं हायत?"

"नकाशात दगड दाखवत नाहीत, मामू."

"आन खड्डे?"

"तेही नाहीत."

"मग अशी वाट कुनाला बी आवडंल," मामू म्हणाले आणि बिडी पेटवायला बाहेर गेले.

रानात चुकायला नको म्हणून वाट आधी पाहून यायचं मी ठरवलं. लग्नाच्या सहा दिवस आधी दाजींची मोटारसायकल, दाजींचीच खाकी हॅट, चुन्याचा डबा, कुंचा आणि एक वही घेऊन निघालो. बेंबळीच्या पुढं दिसेल त्या बाभळीवर, निंबावर, बांधाच्या दगडावर पांढरा बाण मारत गेलो. लग्नाच्या दिवशी ट्रकनं फक्त बाण बघायचे आणि यायचं. इतका सोपा बेत मी त्यापूर्वी कधी केला नव्हता. (त्यानंतर कोणी करू दिला नाही.)

आता बघा, खाकी हॅट, मोटारसायकल, हातात वही आणि झाडावर चुना. त्या काळी ह्याचा अर्थ एकच होता. थोरली वाडी म्हणू या, त्या गावची माणसं बांधांवरून पळत आली आणि हात जोडून उभी राहिली. गावचे पाटील पुढं झाले.

"सायब, सडक व्हनार का?"

इथं मी 'नाही' म्हणायला हवं होतं. एका शब्दाचं काम. पण जन्मात मला कोणी साहेब म्हटलं नव्हतं. शाळेत मुख्याध्यापकसुद्धा 'अहो भूगोल' अशीच हाक मारत. मी हॅट जरा मागं सारली आणि म्हणालो, "बघू. वरून मंजुरी यायची आहे."

मग काय विचारता! मला गावात नेलं. बसायला घोंगडी आली, धपाटी आली, वाडगाभर दही आलं. खाता खाता पाटलांनी हळूच विषय काढला. माझे बाण गावाला कोसभर बगल देऊन जात होते. गेल्या पावसाळ्यात त्यांची सून अडली, बैलगाडी चिखलात रुतली आणि चार माणसांनी तिला बाजेवर घालून नेली. वाचली, पण देवाच्या कृपेनं. सडक तेवढी गावावरून घ्या, असं म्हातारा सांगत होता. त्यावर मी तोंडात धपाटं असताना जे बोललो, ते आठवलं की आजही माझे कान तापतात.

"रेघ सरळ असते, पाटील. रेघेला गावं दिसत नाहीत."

लग्नाच्या दिवशी फटफटायला वऱ्हाड निघालं. पस्तीस माणसं, त्यांत वाजंत्री, आणि पाण्याच्या सहा घागरी. मोटारसायकलवर पुढं मीच बसणार होतो, कारण वाट मला ठाऊक. पण आई आडवी आली. हळद लागलेल्या नवरदेवानं एकट्यानं फिरायचं नसतं, आणि फटफटीवर तर मुळीच नाही. तेव्हा मला मामूंच्या शेजारी बसवलं, हातात लिंबू खोचलेली कट्यार दिली, आणि मोटारसायकलवर दाजी चढले. दाजींना त्या वाटेची काडीची माहिती नव्हती. मी त्यांना सांगितलं की डोकं चालवू नका, नुसते बाण बघा.

वेळेवर पोचणं मला फार गरजेचं होतं. माझे सासरे कडक. मुहूर्त चुकलेला आम्हाला चालत नाही, असं त्यांनी बोलणीतच बजावलं होतं. मुलीच्या मामाचा मुलगा लग्नाचा आहे आणि नात्यानं त्याचा हक्क पहिला होता, हेही त्यांनी सुपारी फोडताना सहज सांगून ठेवलं होतं. तो मामाचा मुलगा नवं धोतर नेसून मांडवात पहिल्या रांगेत बसणार, ह्याची मला खात्री होती. आणि मुलगी मला मनापासून आवडली होती. पोहे देताना तिनं एकदाच वर बघितलं होतं, तेवढ्यावर मी तीन महिने काढले होते.

बेंबळी वेळेत मागं पडली. पहिला कोसभर सगळं झकास. मग एका निंबावरचा बाण उजवीकडं वळला. मला काही तो तसा मारल्याचं आठवेना.

"मास्तर, रेघ सरळ व्हती न्हवं?" मामूंनी विचारलं.

मी म्हणालो की बाण माझ्या हातचे आहेत, चुकायचे नाहीत. आम्ही उजवीकडं वळलो. पुढं एका बाभळीनं डावीकडं धाडलं. एका विहिरीवर एक म्हातारी पाणी शेंदत होती, तिनं आम्हाला रामराम केला. पुन्हा उजवीकडं, पुन्हा डावीकडं, पुन्हा विहीर, पुन्हा रामराम. (तिथं दोन चुलतभाऊ शेजारी शेजारी राहत होते, हे मला नंतर कळलं. सडकेत रान जाईल ह्या भीतीनं थोरल्यानं रात्रीत बाण धाकट्याच्या रानात वळवले होते, आणि धाकट्यानं दुसऱ्या रात्री परत थोरल्याच्या.)

"मास्तर, म्हातारी तिसऱ्यांदा रामराम करायली," मामू म्हणाले.

म्हातारीनंच शेवटी घागर खाली ठेवली. लेकरांनो, काय हुडकायलाव, असं तिनं विचारलं. बाण हुडकायलोय म्हटल्यावर तिनं बोटानं एक वाट दाखवली. आणि काय सांगू, त्या वाटेला बाणच बाण! दर दहा पावलांवर एक. माझ्या बाणांहून दुप्पट जाड आणि चांगले सुबक. मला थोडं नवल वाटलं, पण उन्हानं चुना फुलला असेल अशी मी स्वतःची समजूत घातली.

बाण संपले ते थोरल्या वाडीच्या वेशीत. आंब्याच्या पानांचं तोरण आडवं बांधलेलं, हलगी वाजतेय, पाटील हार घेऊन उभे. आधी हॅट बघून हार दाजींच्या गळ्यात पडला. मग पाटलांनी मला ट्रकात ओळखलं.

"सायब, लई बेस केलंत. आठ दिस झाले न्हायत तवर ट्रक घिऊनच आलाव. आन कापायला हत्यार बी संगं आनलंत!"

मी खाली उतरलो. सगळं गाव माझ्या हातातल्या कट्यारीकडं बघत होतं. मी तोरण का कापलं ते मला आजही सांगता येत नाही, पण कापलं. टाळ्या पडल्या. वाजंत्र्यांना वाटलं लग्नाचं गाव आलं, त्यांनी सनई धरली. एका बाईनं माझ्या मुंडावळ्या बघून शेजारणीला सांगितलं की सायब लोक सडक उघडायला असेच नटून येतात. मग मला बोलायला सांगितलं आणि मी "बंधुभगिनींनो" एवढं म्हणालोसुद्धा.

तेवढ्यात ट्रकच्या मागच्या फळीवरून अण्णा खाली उतरले. सूर्य डोक्यावर आला होता. त्यांनी तोरण बघितलं, पाटील बघितले, दाजींच्या गळ्यातला हार बघितला. अण्णांचं तोंड उघडं पडलेलं मी आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं.

"तू विंजिनेर कवा झालास रं?"

मग मात्र मी सगळं सांगितलं. मी मास्तर आहे, मंजुरी वगैरे काही नाही, बाण माझ्या लग्नाच्या वऱ्हाडासाठी होते. हलगी थांबली. मला इतकी शरम वाटली की वाटलं, तो मामाचा मुलगाच बरा, मुलीनं त्याच्याच गळ्यात माळ घालावी. आता दगड येणार म्हणून आईनं पदर घट्ट केला.

पाटील माझ्यापाशी आले. मग म्हणाले, "मास्तर, खोटं तुमी एकलेच न्हाय बोललाव. बान आमीच वळीवले. रेघेला गाव दिसंना, म्हनून गावानं रेघेला हाताला धरून आनली."

ते मागं वळले आणि त्यांनी कुदळी, फावडी, घमेली आणायला सांगितली. पोरीचं लगीन आपल्यापायी मोडायला नको, एवढंच कारण दिलं. गावातला एक वाटाड्या दाजींच्या मागं बसला आणि मोटारसायकल सासुरवाडीला निरोप घेऊन सुटली. ट्रकच्या पुढं सगळं गाव. बांध आला की फोडायचा, ओढा आला की दगडांनी भरायचा, चढ आला की ढकलायचं. ते दोघं चुलतभाऊही आले. आधी दुसऱ्याचा बांध फुटतो की नाही हे बघायला आले असावेत, पण हातात फावडं आल्यावर दोघंही खपले. मी कट्यार कमरेला खोचून घमेली वाहिली. आईनं तेव्हा मला अडवलं नाही, कारण ह्या वेळी मी एकटा नव्हतो.

आम्ही पोचलो तेव्हा गुरं घरी परतत होती. मांडवातून त्यांना काय दिसलं असेल बघा. धुळीचा लोट, वाफा सोडणारा ट्रक, आणि त्याच्या आजूबाजूला साठ-सत्तर माणसं, खांद्यावर कुदळी! मुलाकडचे मारामारीलाच आले असं समजून बायकांनी पोरं घरात ओढली. त्यात त्या वाटाड्यानं दुपारीच मोठ्या अभिमानानं सांगून ठेवलं होतं की नवरदेव सडक बांधत यायलाय. सासरे मांडवाच्या तोंडाशी उभे होते.

"आमाला मास्तर सांगितला व्हता," ते अण्णांना म्हणाले, "ह्यो सडकंचा मुकादम कवा झाला?"

अण्णांनी हात जोडले आणि आपल्यालाही आज दुपारीच कळलं, असं खरं ते सांगितलं.

मामाचा मुलगा पहिल्या रांगेत होताच. धोतर कोरं करकरीत. पण मुलीनं आतून निरोप पाठवला होता, की गोरज बी मुहूर्तच असतोय, फटफटीवाले म्हनायलेत येतो तर थांबा. तिनं थांबवलं म्हणून आमचं लग्न लागलं. माझ्या अंगावर हळदीपेक्षा माती जास्त होती. पंगतीला पस्तीसांच्या जागी शंभर पानं मांडली गेली आणि वरणात इतकं पाणी वाढलं की मामूंनी त्यातलं थोडं गाडीसाठी मागितलं.

पुढं दोन-तीन वर्षांनी खराखुरा इंजिनिअर त्या भागात आला. त्याला बांध फुटलेले, ओढे भरलेले, चाकोरी पडलेली दिसली. त्यानं कशाला डोकं खाजवावं? त्यानं त्याच चाकोरीवर मुरूम टाकला. थोरल्या वाडीत मोटार येऊ लागली. पाटलांच्या धाकट्या सुनेला मोटारीत बसवून दवाखान्यात नेलं, बाजेवरून नाही, हे त्यांनी मला मुद्दाम येडशीला येऊन सांगितलं. त्या दिवशी फार बरं वाटलं.

जिल्ह्याच्या नव्या नकाशात ती सडक आली. बेंबळीच्या पुढं उजवीकडं, डावीकडं, मग एका विहिरीला जवळजवळ पुरी फेरी घालून परत उजवीकडं. चौथीच्या वर्गात तो नकाशा मी भिंतीवर टांगला तेव्हा माझी मुलगी पुढच्याच बाकावर होती. तिनं हात वर करून विचारलं, "गुरुजी, ही सडक एवढी वाकडी का?"

"नैसर्गिक कारणांमुळं," मी म्हणालो.

ती खाली बसली नाही. "पण आई तर म्हणती, तुमच्यामुळं."

त्या वर्षी भूगोलात मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले. वर्गात बरोबर उत्तर तिचं एकटीचंच होतं.