मोहरीएवढी माशी

आमच्या सर्जेराव तात्याच्या पायाला भिंगरी आहे. बहात्तरी उलटली तरी ती थांबलेली नाही. सकाळी उसाला पाणी सोडून येतो, दहाला अंथुर्ण्याच्या चौकात, बाराला सोसायटीत आणि दोनला माझ्या पडवीत हजर. "सोपान, ऊठ. जरा निमगावला जाऊन यिऊ." मी त्याचा चुलत भाऊ, सहा वर्षांनी धाकटा. शाळेत कारकून होतो, आता निवृत्त आहे. निवृत्त माणसानं दारात मोटरसायकल ठेवू नये, एवढा धडा मी तात्याकडून घेतला.

तात्याच्या घरी एक रायफल आहे. परवान्याची, जुनी, अमेरिकन बनावटीची. चापाखालचा लोखंडी दांडा पुढं ढकलून मागं ओढला की नवी गोळी वर चढते, त्यातली. तात्याचे वडील एका बागायतदाराच्या मोसंबीच्या बागेवर राखणीला होते. तो बाग विकून मुंबईला गेला तेव्हा राखणीची ही रायफल रीतसर त्यांच्या नावावर करून गेला, आणि त्यांच्यामागं परवाना तात्याकडं आला. या रायफलनं गेल्या वीस वर्षांत काय मारलं असं कुणी विचारलं, तर हवा मारली. उसात रानडुकरं शिरली की वरती एक बार, बास.

पण खंडेनवमीला तिचा थाट वेगळा. ट्रॅक्टरची किल्ली, कोयता, खुरपी, पाण्याच्या मोटारीचा पाना, सगळ्यांच्या मधोमध रायफल. पूजा झाली की तात्या ती खांद्याला लावतो, एक डोळा मिटतो आणि बांधावरच्या लिंबावर नेम धरतो. गोळी झाडायची नाही, नुसता नेम. घरची माणसं मागं गप उभी राहतात. त्या मिनिटभरात तात्याची पाठ ताठ होते. आयुष्यभर मी त्याची टिंगल करत आलो, पण त्या वेळी तो मला देखणा वाटतो, हे कबूल करतो.

नेम धरायला नळीच्या टोकावर एका पातीत पितळेचा बारका मणी बसवलेला असतो. त्याला माशी म्हणतात. अगदी मोहरीएवढी. डोळ्याजवळच्या खाचेतून बघायचं, माशी खाचेच्या मधोमध आली की नेम लागला. यंदा ती माशीच गायब झाली, आणि पंधरा दिवस तात्यानं ना स्वतःला बसू दिलं ना आम्हाला.

झालं असं. घट बसायच्या आधी आमच्याकडं दसरा काढतात. घरातली झाडून सगळी गोधडी-वाकळ कालव्यावर धुवायला जाते आणि भांडंनभांडं अंगणात येतं. तात्याची सून रेश्मा सकाळपासून चिंच आणि राख घेऊन बसली होती. देव घासले, समया घासल्या, तांबे घासले. शेजारी तात्यानं रायफल उन्हाला ठेवली होती. तिच्या दस्त्याला पितळेची पट्टी. पूजेत बसते, पितळ आहे, म्हणजे देवांतलीच, असा त्या पोरीनं हिशेब केला असावा. तिनं पट्टीला चिंच लावली, आणि हात फिरलाच आहे तर सबंध नळीही घासून काढली.

तात्या रानातून आला आणि ते बघून असा किंचाळला की शेजारीपाजारी बाहेर आले. रायफल उचलली, धोतरानं पुसली, टोकापर्यंत बोट फिरवत नेलं. टोकाला बोट थांबलं.

"माशी कुठं हाय?"

रेश्मा हातातली राख घेऊन तशीच उभी राहिली.

"पितळी घासायची अक्कल हाय, हत्याराची न्हाय! बापानं हेच शिकवलं का तुला?"

रेश्माचे वडील जाऊन वर्षही झालं नव्हतं. आणि नशीब असं की तिचा भाऊ युवराज त्याच वेळी ओट्यावर चहा पीत बसला होता. दसऱ्यानंतर बहिणीला चार दिवस माहेरी न्यायचं विचारायला तो पळसदेवहून आला होता. त्यानं कप खाली ठेवला. बहिणीला म्हणाला, "ताई, दसरा झाला की न्यायला यीन. पर बाबांवरनं काढलेला शब्द ह्यांनी माघारी घेतल्याबिगर परत सोडायचो न्हाय." आणि न जेवता गेला.

खरं सांगतो, मला त्या माशीची काडीइतकी काळजी नव्हती. मला रेश्माची होती. तिनं उलट उत्तर दिलं असतं, भांडली असती, तर बरं झालं असतं. ती गपच झाली. तात्याचं ताट वाढायची, चहा द्यायची, पण मान वर करून बघायची नाही. नवरा दादासो साखर कारखान्यात पाळीवर. तो घरी आला की बापाची बाजू घ्यावी का बायकोची या विचारात झोपून जायचा. कुशाबाई, म्हणजे तात्याची बायको, आमची वहिनी, त्याला म्हणाली, "एक मणी गेला, त्याच्यापायी सून घालवताय व्हय?"

"मणी न्हवं त्यो!" तात्या म्हणाला. "खंडित मूर्त पुजंत चालत न्हाय. मग खंडित हत्यार कसं चालंल? नवमीच्या आत माशी बसली पायजे."

पहिल्या दिवशी आम्ही अंगण चाळलं. चेष्टा नाही, पिठाच्या चाळणीनं चाळलं. भांडी घासल्याचा चिखल घमेल्यात भरायचा, पाणी ओतायचं, चाळायचं. मी, वहिनी आणि रेश्माही. तात्या वरून हुकूम सोडत येरझाऱ्या घालत होता. डाळीचे दाणे निघाले, एक चमकी निघाली, माशी काही निघाली नाही. माझे गुडघे मात्र चार दिवस दुखले.

बारामतीत बंदुकांचं एक परवानाधारक दुकान आहे, तिथं फोन केला. कारागीर बाहेरून येतो, फक्त गुरुवारी. तोवर थांबणं सरळ होतं, पण थांबला तर तो तात्या कसला. मला मागं बसवून स्वतःच गाडी चालवायला निघाला. मी किल्ली दिली नाही. गेलं वर्षभर देत नाही, कारण त्यानं माझ्यासकट दोनदा खड्ड्यात घातली होती आणि दोन्ही वेळा खड्ड्याची चूक काढली होती.

इंदापूरला ओळखीच्या सोनाराकडं गेलो. सोनार म्हणाला, "तात्या, सोन्याची माशी करून देतो, पण बंदूक माझ्या दुकानात आणू नका. हत्याराला हात लावायला परवाना लागतो." बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत एक लेथवाला गाठला. त्यानं हातच जोडले. "माझं मशीन जप्त करता का, आबा?" दोघांचंही बरोबर होतं. तात्याला मात्र सगळं जग आपल्यावर उठलंय असं वाटायला लागलं. परतीच्या रस्त्यानं तो माझ्या पाठीमागं एकसारखा बोलत होता, आणि प्रत्येक चार वाक्यांनी रेश्माचं नाव येत होतं. मी एकदा म्हणालोसुद्धा, "तात्या, आधी पोरीला दोन शब्द गोड बोल, माशी बसंल तवा बसंल." तर म्हणाला, "आधी माशी."

पहिल्या गुरुवारी कारागिराला ताप. दुसरा गुरुवार आला तो थेट अष्टमीला. म्हणजे नवमी उद्यावर. अष्टमीच्या आदल्या दिवशी तात्या अकरा वेळा माझ्याकडं येऊन गेला. मी मोजलं, कारण दुसरं काही करूच देत नव्हता.

रायफल तिच्या कापडी खोळीत घातली, परवान्याचं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घेतलं आणि आम्ही बारामती गाठली. दुकान लहानसं, स्वच्छ. कारागीर साठीतला, अबोल, डोळ्याला घड्याळजी लावतात तसं भिंग. त्यानं आधी परवाना वाचला, रायफल रिकामी आहे हे स्वतः दोनदा बघितलं आणि नळीचं टोक दिव्याखाली धरलं.

तात्या उभ्या उभ्या सांगत होता, "सुनंनं चिंचंनं घासली. तिच्याच हातानं निघाली."

कारागीर बारीक सुईनं पातीतलं छिद्र उकरत होता. सुईच्या टोकावर काळं, कडक झालेलं काहीतरी आलं. त्यानं ते पांढऱ्या कागदावर ठेवलं. "काका, हे वाळलेलं तेल आहे, धूळ आहे. खाली गंज आहे. पंधरा दिवसांत असं भरत नाही. ही माशी पडून दीडदोन वर्षं तरी झालीत."

"शक्य न्हाय," तात्या म्हणाला. "गेल्या नवमीला मी हिच्यावरनं नेम धरलाय. त्याच्या आदल्या सालीबी."

कारागीर वाद घालणारा माणूस नव्हता. त्यानं पितळेच्या बारीक सळईचा तुकडा घेतला, मशीनवर फिरवून त्याला गोल डोकं काढलं. बुडाशी एक खुंटी ठेवली, छिद्रात बसेल अशी. पाऊण तास गेला. तात्या दुकानाच्या दारापर्यंत जायचा, परत यायचा, रस्त्यावरच्या गाड्या बघायचा, परत यायचा. मी त्याला दोनदा खाली बसवलं. तो दोनदा उठला.

मग कारागिरानं छिद्र साफ केलं आणि रायफल तात्याच्या हातात दिली. "पाती एका बाजूला कललीय का, जरा खांद्याला लावून बघा. समोर कॅलेंडर आहे, त्याच्यावर धरा."

तात्यानं रायफल खांद्याला लावली. एक डोळा मिटला. पाठ ताठ झाली.

"झकास!" तो म्हणाला. "लख्ख दिसती माशी. पिवळीधम्मक. ह्याला म्हनायचं काम!"

माशी कारागिराच्या चिमट्यात होती. अजून बसवायचीच होती.

कारागिरानं नुसतं भिंग डोळ्यावरून वर सरकवलं. आमचं गप राहणं तात्याला कळलं असावं. त्यानं रायफल खाली घेतली आणि बोट नळीवरून टोकापर्यंत नेलं. छिद्र रिकामं लागलं. बोट त्यानं तिथंच ठेवलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा तो हलला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर चोर आपल्याच डोळ्यांत बसला होता, आणि मला माझ्या भावाचा असा काही कळवळा आला की मी तोंड फिरवून कॅलेंडरच वाचत बसलो.

"बसवा," तात्या शेवटी म्हणाला. "नवमीपुरती बसवा. पुढं पोलीस ठाण्यात जमा करतो. ज्याला दिसत न्हाय त्यानं कशाला ठिवायची?"

येताना लासुर्णे मागं पडलं. तेव्हा तात्या एकच बोलला. "सोपान, मी तिचा बाप काढला."

घरी आलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. घटापाशी गल्लीतल्या पाचसहा बाया बसलेल्या. मी हळूच म्हणालो, "तात्या, बाया जाऊ दे, मग एकट्याला गाठून सांग."

"चारचौघांत बोललो हुतो," तो म्हणाला, "चारचौघांतच सांगायचं."

रेश्मा मोरीवर भांडी विसळत होती. तात्या माजघराच्या मधोमध जाऊन उभा राहिला. आवाज नेहमीसारखा मोठाच होता, पण फाटलेला. "माशी रेश्मानं घालवली न्हाय. ती दोन सालं झाली पडून. मला दिसत न्हाय. दिसतं दिसतं म्हनत आलो, ते खोटं. तुज्या बापाचं नाव घ्यायची माजी लायकी न्हाय, पोरी."

बायांनी पदर तोंडाला लावले. वहिनी भिंतीला टेकली. रेश्मा उठून दारात आली.

"मला ठावं हाय, तात्या," ती म्हणाली. "उन्हाळ्यापास्नं ठावं हाय. मी च्या ठिवला की तुमी कप चाचपून घेता. म्हणून तर रोज एकाच जागंला ठिवती."

"मग त्या दिशी बोलली का न्हाईस?"

रेश्माचे डोळे भरून आले, पण आवाज हलला नाही. "युवराज हुता. शेजारी हुतं. समद्यांच्या म्होरं तुमाला आंधळं म्हनायचं हुतं व्हय मी?"

तात्या उंबऱ्यावर बसला. खिशातून मोबाईल काढला, डोळ्याजवळ नेला, लांब धरला, परत जवळ आणला. मग तसाच तिच्यापुढं केला. "युवराजला लाव. मी बोलतो त्याच्याशी."

रेश्मानं ओले हात पदराला पुसले, नंबर लावला आणि फोन त्याच्या कानाशी धरला.