पेंडीत अडकलेलं हेक्झेन

त्या वर्षी मी नांदेडला केमिकल इंजिनिअरिंग शिकवत होते आणि शनिवार-रविवार लातूरला एका क्लासवर रसायनशास्त्र घ्यायला जात होते. किल्लारीच्या भूकंपाला काही वर्षं होऊन गेली होती. निकालांच्या फलकांनी लातूरचे चौक भरून गेले होते आणि परभणी, बीड, पार सोलापूरकडची मुलं ट्रंका घेऊन शिकायला येत होती. जागा मिळेल तिथं क्लास निघत. आमचा क्लास बेसमेंटमध्ये होता. शेजारच्या सोयाबीन तेलाच्या कारखान्याचं गोदाम आमच्या भिंतीला लागून होतं.

त्या बेसमेंटमध्ये एक गोडसर, पेट्रोलसारखा वास यायचा. दुपारी जास्त. पुढच्या बाकावरच्या दोन मुली डोकं धरून बसायच्या. मुलांना वाटायचं, अभ्यासानं होतंय. मला तो वास ओळखीचा होता. सोयाबीनमधलं तेल काढायला हेक्झेन वापरतात. नंतर उरलेल्या पेंडीला वाफ देऊन ते हेक्झेन काढून घ्यायचं असतं. इथं गोदामातली पेंडच वास मारत होती.

आमचा देशभरातला एक लहानसा गट होता. केमिकल इंजिनिअरिंगमध्ये रेणूंचं अनुकरण करणारे लोक. संगणकात रेणू मांडायचे, त्यांच्यातली ओढ आणि ढकल गणितानं द्यायची आणि ते कुठं जातात ते बघत राहायचं. बहुतेकजण आपापल्या कॉलेजात हे काम करणारे एकटेच. म्हणून आम्ही ईमेलवर भेटायचो, अडलेलं एकमेकांना विचारायचो आणि वर्षातून एकदा एकत्र जमायचो. मी गटाला लिहिलं: इंधन वाचवायला वाफ कमी दिली तर पेंडीत किती हेक्झेन राहील, आणि उन्हानं ते कसं बाहेर पडेल?

गटातले सर्वांत वयस्क प्राध्यापक मूळचे देगलूरचे, राहायला हैदराबादला. त्यांनी त्यांच्याकडच्या मोठ्या संगणकावर गणित लावलं, मी नांदेडला लहानसं. लोडशेडिंगनं माझं काम मधेच मरायचं, की पुन्हा सुरुवात. पण दोन्हीकडं एकच दिसलं. पेंडीच्या बारीक छिद्रांत वाफेतले पाण्याचे रेणू शिरले की हेक्झेन सुटतं. पाणी पुरेसं नसेल तर ते चिकटून राहतं आणि ऊन चढलं की सावकाश बाहेर येत राहतं. हेक्झेनची वाफ हवेपेक्षा जड. ती खाली उतरते, साचते आणि एका ठिणगीवर पेटते.

खाली आम्ही होतो.

क्लासचे मालक चाकूरकडचे, शेतकऱ्याच्या घरातून वर आलेले. मुलांवर जीव होता त्यांचा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, वासानं पोरं मरत न्हाईत. निकाल पडला तर मायबाप मरत्यात." कारखान्याच्या मॅनेजरनं तर मला खुर्चीही दिली नाही. कॉम्प्युटरमधली पेंड आणि आमची पेंड वेगळी, म्हणाला.

मी गटाला तसं कळवलं. प्राध्यापकांनी उत्तर लिहिलं नाही. पुढच्या शनिवारी ते स्वतःच लातूरच्या बसस्टँडवर उतरले. पायात साध्या चपला, खांद्याला शबनम. बेसमेंटच्या शेवटच्या पायरीवर थांबले. आत गेले नाहीत. मालकांकडं वळून शांतपणे विचारलं, "इथं तुमची मुलगी बसते का?"

"हाव. पहिल्या बाकावर."

"तिला वर न्या. मग बाकीच्यांचं ठरवा."

सोमवारपासून क्लास दुसऱ्या मजल्यावर भरू लागला. काही पालकांनी मुलं काढून घेतली. भूकंपानंतर दुसऱ्या मजल्यावर पोरं बसवायची म्हणजे त्यांना भीती वाटायची. तळाशी काय साचतं, याची भीती कुणाला नव्हती.

गोदामाचे रखवालदार किल्लारीकडचे होते. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. पक्क्या छताखाली ते झोपत नसत, गोदामाच्या पत्र्याखालीच पडत. प्राध्यापकांनी जाताना त्यांनाही सांगितलं की बाहेर झोपा. मामा हसले. "पत्रा बरा हाय, साहेब. पडला तरी माणूस निघतो."

मे महिन्यात एका दुपारी मी फळ्यावर लिहीत असताना जमीन हलली. खडू हातातून पडला. मुलं एका दमात जिन्यावरून खाली पळाली. गल्लीतले, समोरच्या दुकानांतले, सगळे मोकळ्या जागेत धावले. कुणीतरी ओरडलं, भूकंप. मग गोदामावरून काळा धूर उठलेला दिसला. तिथं पत्र्याचं वेल्डिंग चाललं होतं. बेसमेंटच्या झडपा उडून रस्त्यावर पडल्या होत्या. आत डोकावलं तर तिथंच राहिलेली आमची जुनी बाकं जागच्या जागी जळत होती, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत.

मालकांनी मुलीचा हात धरला होता. तो त्यांनी संध्याकाळपर्यंत सोडला नाही.

मामा पत्र्याखालून निघाले नाहीत. वेल्डिंगवाला सरकारी दवाखान्यात गेला. कागदोपत्री दोष ठिणगीवर गेला. पेंडीचं नाव कुठं आलं नाही.

त्या वर्षी गट हैदराबादला जमला. मी आमचं गणित मांडलं. सूत्रांवर प्रश्न आले, मी उत्तरं दिली. शेवटी प्राध्यापक उभे राहिले. मला वाटलं, आकड्यांबद्दल बोलतील. ते म्हणाले, "त्या माणसाबद्दलही सांगा." मी मामांबद्दल सांगितलं. जेवढं माहीत होतं, तेवढंच.

परत आल्यावर गटातून ईमेल येऊ लागले. ज्यानं त्यानं आपल्या गावातल्या कारखान्याची चौकशी केली होती. एकानं लिहिलं, आमच्याकडंही वाफ वाचवतात, पेंडीला असाच वास येतो. भिंतीपलीकडं काय आहे, मी विचारलं.

उत्तर लगेच आलं. मुलींचं वसतिगृह.

मी प्राध्यापकांना फोन लावला. ते एवढंच म्हणाले, "मी त्या गावाला निघतो. तुम्ही तिकडूनच या."