आतोबांच्या फेऱ्या

पाठीमागे कोणी लागलेलं नसताना धावणारा रत्नागिरी जिल्ह्यातला पहिला माणूस म्हणजे माझे आतोबा, यावर मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे. आमच्याकडे माणसं धावतच नसत असं नाही. एस.टी. सुटत असली की धावत, गुरं दुसऱ्याच्या भातात शिरली की धावत, वणवा लागला की धावत. पण पहाटे उठून, डोकं ठिकाणावर असताना, अर्धी चड्डी घालून डोंगरापलीकडच्या गावात जायचं आणि तिथे कसलंही काम न करता परत यायचं, ही गोष्ट ऐंशीच्या सुमाराला आमच्या भागात कोणाच्या स्वप्नातही आली नव्हती. आतोबा ती दर रविवारी करत आणि आठवड्याचे बाकीचे दिवस तिची तालीम करत.

आतोबा म्हणजे माझ्या थोरल्या आतेचे यजमान. अलोऱ्याच्या वीजप्रकल्पाच्या कॉलनीत ते स्टोअरमध्ये कारकून होते. आमची वाडी तिथून दोन डोंगर आत, सह्याद्रीच्या अगदी पायाशी. बाबांच्या मोठ्या बहिणीचा नवरा, म्हणजे घरचा जावई, त्यामुळे त्यांना बोलायची कोणाची प्राज्ञा नव्हती. बाबा त्यांना तोंडावर ‘दाजी’ म्हणत आणि पाठीमागे ‘जलद गाडी’ म्हणत. हे वेड त्यांना लागलं ते कॉलनीच्या क्लबात नव्याने आलेल्या टीव्हीमुळे. एका संध्याकाळी त्यावर कुठल्याशा परदेशातली लांब पल्ल्याची शर्यत दाखवली आणि तिच्यात आतोबांच्याच वयाचा आणि त्यांच्याइतकाच टकला एक गृहस्थ हसत हसत पळताना दिसला. दुसऱ्याच दिवशी आतोबांनी चिपळूणहून पांढरे कॅनव्हासचे बूट आणले. आते म्हणाली, “सर्कस नाही दाखवलीनी, हे माझं नशीब.”

त्यांच्या धावण्याच्या वाटा ठरलेल्या होत्या आणि प्रत्येकीला नाव होतं. काळ्या दगडाच्या जुन्या शंकराच्या देवळाला वळसा घालून येणारी ती देवळाची फेरी, पडक्या बुरुजाखालून जाणारी गढीची फेरी. सगळ्यांत लाडकी म्हणजे जकातीची फेरी. घाटावर चढणाऱ्या जुन्या पायवाटेच्या तोंडाशी, करवंदीच्या जाळीत एक चौथरा आहे. मीठ आणि सुकी मासळी लादलेले बैल देशावर जायचे तेव्हा तिथे म्हणे जकात घेत. या चौथऱ्याला हात लावल्याशिवाय ती फेरी पुरी होत नसे. सोबत कोणी सापडला तर आतोबा त्याला धावता धावता सगळा इतिहास सांगत. चढ लागला की दम लागून इतिहास थांबे, माथ्यावर पोचलं की पुन्हा सुरू होई. त्यामुळे अर्धवट मारलेले कितीतरी सरदार त्या चढणींवर तसेच पडून आहेत. त्यांच्या मुलीला बघायला आलेल्या मुलालाही त्यांनी “चला, जरा गाव दाखवतो” म्हणून गढीच्या फेरीवर नेलं. मुलगा परत आला तो पाय धरूनच. दोन दिवस तो आतेच्या ओटीवर तेल चोळून घेत पडून होता आणि तेवढ्या मुक्कामात लग्न जमलं. याचंही श्रेय आतोबा गढीलाच देत.

सुरुवातीला मात्र या धावण्यापायी वाड्यावाड्यांतून हलकल्लोळ उडे. एकदा ते पलीकडच्या वाडीतून भर वेगाने गेले. एवढा शिकलेला माणूस जिवाच्या आकांताने पळतोय म्हणजे मागे वाघ असणार, असं वाडीने धरलं. हातात काठ्या, कोयते मिळतील ते घेऊन पाच-सहा गडी आतोबांच्या मदतीला धावले. आतोबांनी मागे वळून पाहिलं तर कोयते घेतलेली माणसं आपल्याच मागे! त्यांनी वेग वाढवला. वेग वाढवला म्हणजे वाघ जवळ आला, म्हणून माणसांनीही वाढवला. असं करत सगळी वरात जकातीच्या चौथऱ्यापाशी पोचली आणि तिथे एकदम मटकन बसली. बऱ्याच वेळाने एकाने विचारलं, “वाघ कुटं हाय?” आतोबा म्हणाले, “कसला वाघ? मी आपला व्यायाम करतोय.” त्यावर तो गडी अतिशय कळवळून म्हणाला, “दाजी, येवडा येयाम करायचा तर आमच्यात लावनीला या की वो!”

आतोबांचे नियम मात्र कडक. धावून आल्यावर एकदम उभं राहायचं नाही, काळजाला धक्का बसतो. म्हणून पोचल्या जागी सावकाश गोल गोल फिरायचं. श्वास बसेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, फुप्फुसात वारं भरतं. आणि फिरायचं ते डावा हात आत ठेवून, कारण टीव्हीवरच्या मैदानात सगळे तसेच धावत होते. या नियमांना कसला आधार होता देव जाणे, पण ते मोडलेले मी फक्त एकदाच पाहिले. त्यांच्यापायी आमच्या घरावर एक प्रसंग आला, त्याची आठवण झाली की मला अजून आधी घाम फुटतो आणि मग हसू येतं.

भातकापणीचे दिवस होते. बाबांच्या पोटात अचानक दुखायला लागलं आणि संध्याकाळपर्यंत ते गडाबडा लोळायला लागले. आतोबांनी धावपळ करून कॉलनीतली जीप मिळवली आणि दादा बाबांना घेऊन रत्नागिरीच्या मोठ्या दवाखान्यात गेला. आतडं पिळलंय, उद्या सकाळी ऑपरेशन, एवढंच आम्हाला कळलं. कापलेलं भात शेतात पडलेलं, गोठ्यात म्हैस व्यायला झालेली, त्यामुळे आई आणि मी मागे राहिलो. दादाने कॉलनीच्या ऑफिसात फोन करायचा आणि आतोबांनी निरोप आमच्यापर्यंत पोचवायचा, असं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून आई ओटीच्या कडेला बसून होती. तिने चूल पेटवली नव्हती. शेजारची काकू आली, आणखी दोघीतिघी आल्या. मी उगाच गोठ्यात जाऊन येत होतो. बाबा परत येतील की नाही, हा एकच विचार डोक्यात होता आणि तो उच्चारायचा धीर कोणाला नव्हता.

दुपार कलायला लागली तेव्हा समोरच्या डोंगराच्या उतारावर पांढरे बूट दिसले. “आतोबा येतायत,” मी म्हणालो. आई उभी राहिली. आतोबा ओढा ओलांडून, बांधावरून उड्या मारत आले, खळ्यात शिरले आणि आम्हा सगळ्यांकडे बघून, एक अक्षर न बोलता, तुळशीभोवती फिरायला लागले. डावा हात आत. म्हणजे तुळशीला उलट्या फेऱ्या.

उलट्या फेऱ्या आमच्याकडे फक्त चितेभोवती मारतात. पहिल्या फेरीला आईचा चेहरा पांढराफटक पडला. दुसऱ्या फेरीला ती खालीच बसली. काकूने गळा काढला, “अगो बाय, आता कसा गो व्हायचा तुझा!” आणि बाकीच्या बायकांनी तिच्या सुरात सूर मिळवला. मी खांबाला धरून उभा राहिलो. हा आक्रोश ऐकून आतोबा मात्र भयंकर घाबरले. ते निघाले होते चांगली बातमी घेऊन, आणि इथे रडारड! आपण वाटेत असताना या घरात कोणीतरी गेलं, अशी त्यांची खात्री पटली. घाबरल्यामुळे श्वास आणखी चढला, आणि श्वास चढल्यामुळे फेऱ्या आणखी वाढल्या. शेवटी नियम मोडून ते जागच्या जागी थांबले आणि धापा टाकत ओरडले, “वहिनी! कोण गेलं?”

काकूचा सूर मध्येच तुटला. आईने मान वर केली. “ते तुम्ही सांगा ना, दाजी.”

“मी काय सांगू? तो तर शुद्धीवर आला! सकाळी ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले धोका टळला. डोळे उघडल्याबरोबर चहा मागितलान. दिला नाही म्हणून पोराला शिव्या घातल्यान! पण इथे कोण गेलं?”

मग जन्मात जिने नणंदेच्या नवऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता ती माझी आई ताडकन उठली आणि म्हणाली, “मग उलटा कसला फिरतोस, मेल्या!”

सबंध खळं गार पडलं. जावयाला मेल्या! पण आई थांबायच्या मनःस्थितीत नव्हती. “जेवढ्या उलट्या मारल्यात तेवढ्या सुलट मारा. आत्ताच्या आत्ता!” आणि आमचे आतोबा, दोन डोंगर तुडवून आलेले, घामाने निथळलेले आतोबा, उजवा हात आत करून मुकाट्याने फिरायला लागले. किती उलट्या झाल्या होत्या ते कोणालाच आठवत नव्हतं, म्हणून काकूने “आनी येक, आनी येक” करत भरपूर मारून घेतल्या. मघाशी गळा काढणारी तीच काकू आता हसून हसून पोट धरत होती. आई पदर तोंडाला लावून हुंदके देत होती की हसत होती, मला काही कळत नव्हतं. मीही रडत होतो. छातीवरून कोणीतरी जातं उचलून बाजूला ठेवावं तसं वाटलं. मग आईने चूल पेटवली आणि आतोबांच्या पुढ्यात चहाचा तांब्याच आणून ठेवला. तोंडाने ती पुन्हा ‘दाजी’ म्हणायला लागली होती, पण डोळे पुसायची मात्र थांबत नव्हती.

बाबा घरी आले ते काठीसारखे होऊन. डॉक्टरांनी रोज थोडं चालायला सांगितलं होतं, आणि असं अशक्त चालताना माणसांनी बघावं, हे बाबांना मानवत नव्हतं. पुढच्या रविवारी पहाटे आतोबा आले आणि म्हणाले, “चल, देवळापर्यंत जाऊन येऊ.” आतोबांना चालताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. चढाला बाबांची पावलं अडखळायला लागली, तसे आतोबा थांबले. “जरा थांब रे, माझ्या बुटाची नाडी सुटली,” म्हणून खाली वाकून बसले. बाबा टेकले. थोडं वर गेल्यावर पुन्हा नाडी सुटली. आतोबांच्या त्या बुटांना नुसतं इलॅस्टिक होतं, पण बाबा म्हणत, “बांधा, बांधा, घाई नाही.” जलद गाडी हा शब्द त्यानंतर बाबांनी कधी काढला नाही.

पुढे बाबा खडखडीत बरे झाले आणि कितीतरी वर्षं जगले. आतोबा निवृत्त झाले, गुडघे गेले, धावणं सुटलं. सुटीत मी गावी जाई तेव्हा रविवारी सकाळी दोघे त्याच चढणीला लागलेले दिसत. मला ते बघून फार बरं वाटे, आणि आता दोघेही नाहीत तर ती चढण मला एकट्याने चढवत नाही. मी मागून जात असे, म्हणून मला ऐकू येई. आतोबांचा पाय कुरकुरायला लागला, की बाबा अचानक थांबत. “दाजी, उभे राहा जरा. माझ्या वहाणेत खडा गेला.” मग दोघे बांधावर बसत, आणि तो खडा काढायला त्यांना पुष्कळ वेळ लागे.